सहीच्या एका ओळीची कुळकथा

लिनक्सच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये, एखादा बदल शिरतो तेव्हा त्याच्या वर्णनाच्या पायथ्याशी एक ओळ असते. ‘साइन्ड-ऑफ-बाय’, मग दोन ठिपके, पाठवणाऱ्याचे नाव आणि टोकदार कंसात ईमेल. बहुतेकदा अशा दोन-तीन ओळी एकाखाली एक असतात: वरची कोड लिहिणाऱ्याची, खालची तो ज्या देखभालकर्त्याच्या हातून पुढे सरकला त्याची, तिच्याखाली त्याच्याही वरच्याची. आपल्याकडे पावतीवर ‘हस्ते’ लिहून नाव घालतात, तसाच हा प्रकार. पैसे कोणाचे हे वेगळे आणि ते कोणाच्या हातून आले हे वेगळे, म्हणून दोन्ही लिहून ठेवायचे. आज असंख्य मुक्त प्रकल्पांनी उचललेली ही प्रथा मे २००४ पूर्वी नव्हती. तिला एका खटल्याची झळ कारणीभूत झाली, हे जाणकारांना ठाऊक आहे. मला त्याहून मोलाची वाटते ती तिच्यामागची समज: कोड कोणाचा यावरून भांडण पेटले की मालकीच्या दाव्यांपेक्षा कोडच्या प्रवासाची नोंद जास्त कामाला येते.

अशी नोंद हाताशी नसली की काय होते, ते कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कलीतल्या युनिक्सच्या प्रकरणात दिसले होते. एटी अँड टीच्या युनिक्स कंपनीने १९९२ मध्ये दावा लावला, की बर्कलीच्या मुक्त वितरणात आमचा कोड आहे. १९९४ च्या जानेवारीत तडजोड झाली तेव्हा सुमारे १८,००० फाइलींपैकी ३ काढाव्या लागल्या आणि सुमारे ७० फाइलींवर कंपनीची स्वामित्वसूचना घालावी लागली. कॅलिफोर्निया विद्यापीठाचे उलट गाऱ्हाणेही होते: कंपनीने आपल्या सिस्टिम फाइव्ह या युनिक्समध्ये बर्कलीचा कोड घेतला, पण परवान्याने बंधनकारक केलेले श्रेय दिले नाही. दोन्ही घरांत एकमेकांची भांडी होती, आणि कोणते कोणाचे हे ठरवायला जवळपास दोन वर्षे आणि न्यायालय लागले.

सहीच्या ओळीला निमित्त ठरलेला खटला यानंतरचा. मार्च २००३ मध्ये युटा राज्यातल्या एससीओ कंपनीने आयबीएमवर दावा ठोकला, आधी १०० कोटी डॉलरचा. युनिक्समधला आमचा कोड लिनक्समध्ये गेला, असा आरोप होता. ऑगस्टमध्ये लास व्हेगासच्या मेळाव्यात कंपनीने ‘पुरावा’ पडद्यावर दाखवला. गुपित फुटू नये म्हणून त्यातला काही भाग ग्रीक अक्षरांत मांडला होता. पण तो निव्वळ फॉन्टचा बदल होता, आणि वाचणाऱ्यांनी अक्षरे परत फिरवून कोड ओळखला. मेमरी वाटून देणारा एक तुकडा थेट १९७० च्या दशकातल्या युनिक्सपर्यंत मागे पोचला. ते जुने युनिक्स जानेवारी २००२ मध्ये मुक्त परवान्यावर खुले करणारी कॅल्डेरा म्हणजे हीच कंपनी, आधीच्या नावाने. तरी लिनक्सचीही उणीव इथे दिसते. सिलिकॉन ग्राफिक्सच्या यंत्रांसाठी लिहिलेल्या भागातून तो तुकडा आत आला होता, आणि त्याचे कूळ शोधायला वाद पेटल्यावर धावाधाव करावी लागली.

त्याच डिसेंबरात कंपनीने लिनक्समधल्या काही फाइलींची यादी काढली. तिच्यात अक्षर मोठे की लहान हे ओळखणारी एक छोटी फाइल होती. लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ ची आपली पहिली आवृत्ती उघडली आणि ती फाइल आपणच लिहिल्याचे दाखवून दिले. त्या मूळ कोडमध्ये मोठ्या अक्षराचे लहान अक्षर करताना मधल्या हिशेबासाठी ‘सीटीएमपी’ नावाचा एकच सामायिक चल वापरला होता. हे धोक्याचे काम; दोन ठिकाणांहून एकाच क्षणी त्याला हात लागला तर उत्तर बिघडते. एकविशीतल्या विद्यार्थ्याचा तो ओबडधोबडपणाच त्याच्या हाताची खूण ठरला. मात्र हा बचाव उभा राहिला तो लिहिणारा हयात होता, त्याला आठवत होते आणि जुनी आवृत्ती सापडली म्हणून. हजारो लोकांच्या हातांनी वाढणाऱ्या कोडचा भार एका माणसाच्या आठवणीवर टाकता येत नाही.

मे २००४ मध्ये टोरवाल्ड्स यांनी सुचवलेला उपाय म्हणूनच इतका साधा आहे. ‘डेव्हलपर्स सर्टिफिकेट ऑफ ओरिजिन’ हे जेमतेम अर्ध्या पानाचे निवेदन. सही करणारा म्हणतो: हे मी लिहिले आणि देण्याचा हक्क मला आहे, किंवा हे योग्य मुक्त परवान्याखालच्या आधीच्या कामावर उभे आहे, किंवा असेच निवेदन करणाऱ्या कोणीतरी हे मला दिले आणि मी त्यात बदल केलेला नाही. ही नोंद सार्वजनिक राहील, हे कलम पुढच्या वर्षी जोडले गेले. या साऱ्याचा प्राण मला तिसऱ्या कलमात दिसतो. मालक नसलेल्यालाही त्याने साक्षीदार केले, आणि कोड जितके हात बदलेल तितकी नावे त्याच्या मागे लागत गेली. पुढे कोडच्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या ‘गिट’मध्ये आदेशाला ‘एस’ जोडला की ओळ आपोआप उमटू लागली.

आक्षेप उघड आहे: टंकलेल्या ओळीला किंमत काय? खोटे बोलणारा ती ओळही खोटीच लिहील. खरे आहे, आणि चुका थांबल्या नाहीतच. २००७ च्या ऑगस्टमध्ये, सहीची प्रथा रुळून तीन वर्षे झाल्यावर, ओपनबीएसडी या दुसऱ्या मुक्त प्रणालीकडून आलेल्या एका वायफाय ड्रायव्हरच्या फाइलींवरचा मूळ परवाना बदलून तिथे लिनक्सचा जीपीएल परवाना लावणारा बदल लिनक्सच्या मंडळींकडूनच सुचवला गेला. त्याच वर्षीच्या वसंतात उलट घडले होते. लिनक्सचा जीपीएल कोड ओपनबीएसडीच्या एका ड्रायव्हरमध्ये आढळला आणि तो ड्रायव्हर काढला गेला. दोन्ही बाजूंनी फार कडू शब्द वापरले गेले. पण न्यायालयाची पायरी कोणालाच चढावी लागली नाही, कारण कोणत्या बदलात काय झाले आणि तो कोणी पाठवला हे सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होते. वायफायच्या वादात सॉफ्टवेअर फ्रीडम लॉ सेंटरच्या वकिलांनी फाइलींचा इतिहास तपासला आणि मूळ लेखकाची सूचना व परवाना जसाच्या तसा राखावा, असे सांगितले. ही ओळ खोटेपणाला अडवत नाही. जाब कोणाला विचारायचा, हे ती सांगते, आणि वादाचा निम्मा वेळ तर तेच शोधण्यात जात असतो.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे: नुसत्या सहीपेक्षा हक्कच लिहून घेतलेला बरा. फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन आपल्या अनेक प्रकल्पांत लेखकाकडून स्वामित्वहक्कच लिहून घेत आले. सारा हक्क एका हाती असला की परवाना मोडणाऱ्याला न्यायालयात खेचणे सोपे जाते, आणि हा फायदा खरा आहे. पण त्यासाठी प्रत्येक योगदात्याकडून, कधी त्याच्या मालकाकडूनही, कागद भरून घ्यावे लागतात. दहा ओळींची दुरुस्ती पाठवणारा तिथेच मागे फिरतो. २०२१ मध्ये त्यांपैकीच जीसीसी या कंपायलरच्या प्रकल्पाने हक्क लिहून देण्याची सक्ती उठवली आणि त्याऐवजी हीच सहीची ओळ चालेल असे ठरवले, तेव्हा ती त्या घरातही शिरली.

एससीओचा दावा त्याच वर्षी १ कोटी ४२ लाख ५० हजार डॉलरच्या तडजोडीवर मिटला. कंपनी २००७ मध्येच दिवाळखोरीत गेली होती. ओळ मात्र अजून घडतेच आहे. कर्नलच्या नियमांत सहीसाठी खरे नाव हवे, टोपणनाव नको, अशी अट होती. २०२३ मध्ये ती बदलली. आता ओळखीचे नाव पुरते, कागदपत्रांवरचे नसले तरी चालते. फक्त निनावी सही अजूनही चालत नाही.