खुरसाळणी
शेळ्या-मेंढ्यांच्या खुरांचा वाढलेला भाग कापून ते मूळ आकारात आणण्याची क्रिया. खुराचे कवच केराटीन या प्रथिनाचे असून ते आयुष्यभर वाढते. खडकाळ माळावर हिंडणाऱ्या उस्मानाबादी शेळीचे खूर बहुधा चालूनच झिजतात. बंदिस्त गोठ्यातल्या शेळीचे मात्र दर दीड-दोन महिन्यांनी पाहावे लागतात. दुर्लक्ष झाल्यास कडा तळव्याखाली दुमडतात, आत शेण-चिखल साचतो आणि प्राणवायूविना वाढणारे जिवाणू खूर कुजवतात. जनावर लंगडते, मेंढी तर पुढचे गुडघे टेकून चरू लागते.

खूर ओले असताना काम हलके होते, भर उन्हाळ्यात कातरीही चालत नाही. पाय दुमडून धरून आधी घाण खरवडतात, मग टोक व दुमडलेल्या कडा कापतात. तळवा खूर-कातडीच्या सांध्याला समांतर यावा. गुलाबी छटा दिसताच थांबावे. त्यापुढे रक्त येते. फार वाढलेला खूर एकाच बैठकीत सरळ करण्याची घाई बहुतेकदा अंगाशी येते. काही आठवड्यांच्या अंतराने थोडा थोडा साळावा. गाभण शेळीला शेवटच्या महिन्यात आडवी पाडू नये. कुजलेल्या खुरांसाठी झिंक सल्फेटच्या १० टक्के द्रावणात पाय बुडवतात.