जमिनीचे कागद आणि कुळाचा शोध

आपल्या ज्ञातीत कुलवृत्तान्त लिहिण्याची हौस वाढत आहे, ही संतोषाची गोष्ट होय. परंतु पुष्कळ वंशावळींत वरच्या पिढ्या ऐकीव आणि मधल्या तीन-चार कोऱ्या, असा प्रकार आढळतो. याचे मुख्य कारण, आमच्या मते, शोध केवळ आडनावाने केला जातो हे आहे. पुष्कळशा जुन्या कागदांत आडनाव नसतेच. 'अमुक बिन तमुक, मौजे अमुक' एवढीच ओळख असते. शिवाय आडनाव गावावरून, धंद्यावरून वा हुद्द्यावरून पालटते. शेत मात्र जागचे हलत नाही. तेव्हा पूर्वज शोधावयाचे तर शेताच्या मागाने जावे, हे उत्तम.

हा मार्ग अलीकडून पलीकडे जातो. प्रथम सात-बारा व त्यावरील फेरफार पाहावेत. १९०३ च्या कायद्याने हक्कनोंदणी सुरू झाली. तिच्यातील वारसनोंदींवरून तीन-चार पिढ्या सहज जुळतात. त्यापूर्वीचा दुवा म्हणजे मोजणी. गोल्डस्मिड व विंगेट यांनी इंदापूर तालुक्यात १८३६ च्या सुमारास जी पद्धत घातली, तीच पुढे इतरत्र पसरली व शेतांना क्रमांक मिळाले. त्याआधी शेत नावाने ओळखले जाई. कोणत्या क्रमांकाचे जुने नाव काय, हे गावातील वृद्धांस विचारून लिहून ठेवावे. ते नाव हाती आले म्हणजे घरातील मिरासपत्रे, वाटणीपत्रे व सनदा बोलू लागतात. ज्यांचे इनाम होते त्यांना १८५२ च्या कायद्यान्वये इनाम कमिशनपुढे आपला हक्क सिद्ध करावा लागला. त्या चौकशीचे कागद पुण्याच्या पुराभिलेखागारात पाहावयास मिळतात.

कागद मोडी असल्याने जाणकाराकडून वाचवून घ्यावा आणि तारीख नीट ताडावी. शकात ७८ मिळविले की बहुधा इसवी सन येतो. शुहूर सन अरबी शब्दांत असतो व मृगापासून सुरू होतो. 'इहिदे सितैन मया व अलफ' म्हणजे ११६१, अर्थात १७६०-६१, पानिपतचे वर्ष. सनद देणारा त्या तारखेस हयातच नसेल, तर सनद बनावट समजावी. इनामाच्या लोभाने असे कागद पूर्वी पुष्कळ झाले.

जमिनीचा कागद हिस्सेदारांची गणना करतो, कुटुंबाची नव्हे, हेही ध्यानी ठेवावे. मुलींची नावे बहुधा नसतात; गाव सोडून गेलेला भाऊ गळतो. विधवेने दत्तक घेतला किंवा वाद मांडला, तरच ती 'अमकी कोम तमका' अशी भेटते. उलट महजरावर मोठमोठ्या बखरींत नसलेली माणसे सापडतात. पाटलाने नांगराची आणि बलुतेदारांनी आपापल्या हत्याराची खूण केलेली असते. पूर्वजाच्या नावापुढे अशी खूण दिसल्यास कोणी संकोच मानू नये. गोतसभेत त्याची साक्ष ग्राह्य होती, याचाच तो पुरावा होय.

आज वडिलोपार्जित जमिनी विकल्या जात आहेत आणि वाचता येत नाहीत म्हणून त्यांचे कागदही रद्दीत जात आहेत. जमीन गेली तरी कागद राखता येतो. म्हणून ज्ञातिबांधवांस आमची विनंती आहे की, घरच्या दप्तराची यादी करावी, प्रत्येक कागदाचे छायाचित्र काढावे आणि त्याची एक प्रत ज्ञातिसंस्थेकडे द्यावी. ज्या पिढीचा पुरावा मिळणार नाही तिची जागा मोकळी ठेवावी; एखाद्या ऋषीचे वा राजाचे नाव घालून ती भरू नये.