आज्याच्या जन्माचा दाखला

तुझा बाप कुठं जन्मला? आजा कुठं जन्मला? दाखला आण.

दोस्तहो, सिलोन, म्हणजे आजची श्रीलंका, ४ फेब्रुवारी १९४८ ला स्वतंत्र झाली. स्वातंत्र्याचं पहिलं वर्ष सरायच्या आत तिथल्या संसदेनं डोंगरातल्या चहामजुरांना हा सवाल टाकला. दाखला कुणाकडंच नव्हता. सुमारे ७ लाख माणसं कुठल्याच देशाची उरली नाहीत. ती माणसं कोण, त्यांचं नागरिकत्व गेलं कसं आणि त्यांनी ते परत आणलं कसं, हे आपल्या पोरांनी वाचलं पाहिजे. त्यांची भाषा तमिळ, पण त्यांच्यातले बहुसंख्य पल्लर, परैयर, चक्किलियर. म्हणजे गावकुसाबाहेरचे. आपलेच.

एकोणिसाव्या शतकात इंग्रजांनी सिलोनच्या डोंगरांवर आधी कॉफी लावली. १८६९ पासून कॉफीच्या पानावर तांबेरा पडला, मग चहा आला. राबायला माणूस पाहिजे होता. मद्रास इलाख्यातल्या दुष्काळी गावांतून, सावकाराच्या आणि जमीनदाराच्या तडाख्यातून सुटायला बघणारी माणसं तिकडं गेली. रामनाडच्या किनाऱ्यावरून बोटीनं मन्नार, आणि तिथून जंगलातून पायी मातळेपर्यंत. पटकीनं, तापानं, भुकेनं वाटेतच किती मेले याचा धड हिशेब नाही.

त्यांना आणणारा तो कंगाणी. आपल्या मुंबईच्या गिरण्यांत जॉबर होता ना, तसाच. भरती त्याच्या हाती, उचल त्याच्या हाती, हजेरीही त्याच्या हाती. आणि बहुतेक ठिकाणी तो मजुरापेक्षा वरच्या जातीचा. मजुराच्या नावावर कर्ज किती याची एक चिठ्ठी असायची, तिला तुंडू म्हणत. कर्ज फिटल्याशिवाय दुसऱ्या मळ्यात काम नाही. ही तुंडूपद्धत १९२१ ला कायद्यानं बंद झाली. तोवर दोनतीन पिढ्या तिच्यात पिचल्या होत्या. राहायला लाईनीतली एकेक खोली, दहा बाय बाराची. अख्खं खटलं तिच्यात. अशा खोलीत बाळंत झालेल्या बाईनं कुठल्या कचेरीत जाऊन नोंद करायची?

मळा म्हणजे मालकाचं राज्य. बाहेरच्याला आत पाऊल टाकायची बंदी. नटेश अय्यर नावाचा पत्रकार कापड विकणाऱ्याचं सोंग घेऊन मळ्यात शिरला आणि मजुरांची हालत बघून आला. १९३१ ला त्यानं हॅटनला मळेकामगारांची संघटना काढली. त्याची बायको मीनाक्षी अम्माळ सभेत गाणी म्हणायची. भाषण मालकाला कळायचं, पण गाणं लाईनीत तोंडातोंडी फिरायचं. जलशाची ताकद ठाऊक असलेल्या आपल्या लोकांना हे फोड करून सांगायला नको. १९३९ ला सिलोन इंडियन काँग्रेस उभी राहिली. जानेवारी १९४० ला मूल ओया मळ्यातल्या संपात पोलिसांनी गोळी घातली, गोविंदन नावाचा मजूर पडला. संप वाढत गेले.

१९४७ च्या निवडणुकीत मळ्यातल्या मतांवर या पक्षाचे ७ खासदार निवडून आले. त्यांच्यात तलवाकेलेहून आलेले सी. व्ही. वेलुपिल्लै होते. मळ्यात जन्मलेला कवी, मजुरांची गाणी गोळा करणारा माणूस. पक्षाचे उमेदवार नव्हते तिथं मजुरांची मतं डाव्यांना गेली. डी. एस. सेनानायके यांच्या सरकारला धडकी भरली ती इथं. पत्ती खुडणारे हात शिक्काही मारायला लागले.

मग कायदे आले. १९४८ चा नागरिकत्व कायदा वाचा, त्यात कुणाचंही नाव नाही. ना तमिळ, ना मजूर, ना जात. फक्त एक अट : बाप सिलोनमध्ये जन्मलेला पाहिजे, किंवा आजा आणि पणजा दोघं. सिंहली शेतकऱ्याला दाखला कुणी मागितला नाही. मजुराला मागितला. १९४९ ला दुसरा कायदा, अर्ज करून नागरिकत्व मिळवायचा. लग्न झालेल्यानं ७ वर्षांचा आणि बिनलग्नाच्यानं १० वर्षांचा सलग रहिवास शाबीत करायचा. त्याच वर्षी तिसऱ्या कायद्यानं मतदारयादी फक्त नागरिकांची केली. खटला लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला. १९५३ ला तिथंही कायदे कायम झाले.

आणि उत्तरेकडचे जाफन्याचे तमिळ पुढारी? तमिळ काँग्रेसचे पोन्नंबलम मंत्री झाले आणि सरकारसोबत राहिले. चेल्वनायकम या प्रश्नावर बाहेर पडले आणि डिसेंबर १९४९ ला त्यांनी फेडरल पार्टी काढली. पण भाषा एक असली म्हणून माणसं एक होत नाहीत. जाफन्याच्या उच्चजातीय वेल्लाळाला मळ्यातला मजूर आपल्या पंगतीचा कधीच वाटला नव्हता.

एप्रिल १९५२ ला कोलंबोत सत्याग्रह सुरू झाला. पंतप्रधानांच्या कचेरीपुढं माणसं बसली, उचलून नेली, परत येऊन बसली. महिनोन् महिने. निवडणूक त्यांच्याशिवाय पार पडली. ७ चे शून्य झाले. अर्ज मात्र सुमारे सव्वाआठ लाख माणसांचे गेले होते. आधी बहिष्कार घातला होता, मग शेवटच्या वर्षी धावपळ करून भरले. त्यातले मंजूर झाले सुमारे १ लाख ३४ हजार. बाकीचे कागदावरून गळाले. बहिष्कारात गेलेलं एक वर्ष त्यांना किती महाग पडलं, ते ध्यानात ठेवा.

१९६४ ला दिल्लीत सिरिमावो बंदरनायके आणि लालबहादूर शास्त्री बसले. ९ लाख ७५ हजार माणसांची वाटणी झाली. ५ लाख २५ हजार भारताकडं, ३ लाख सिलोनकडं, उरलेले दीड लाख नंतर बघू. १९७४ ला ते दीड लाखही निम्मेनिम्मे वाटले. ज्यांची वाटणी झाली त्यांना कुणी विचारलं नाही. करार झाला तेव्हा लंका समसमाज पक्ष, एके काळी याच मजुरांच्या बाजूनं संसदेत लढलेला लाल बावटा, सरकारात होता. भाऊ इकडं, बहीण तिकडं. गाडीनं तलाईमन्नार, बोटीनं रामेश्वर. आजे ज्या वाटेनं आले त्याच वाटेनं नातवंडं परत निघाली, कधी न बघितलेल्या 'मायदेशी'. १९८४ ला लढाईमुळं बोट बंद पडली आणि हजारो माणसं भारताचा कागद हातात घेऊन तिथंच अडकली.

आता मुद्द्याचं. सत्याग्रहानं जे झालं नाही, कोर्टानं जे झालं नाही, ते १९८६ ला झालं. १४ जानेवारी, पोंगलचा दिवस. सिलोन वर्कर्स काँग्रेसनं सांगितलं, सकाळी मळ्यावर जायचं नाही, प्रार्थना करायची. मजूर बसले. खुडणी बंद. प्रार्थनेला संप म्हणता येत नाही आणि चहाचं पान थांबत नाही, ते वाढून निबर होतं. देशाला परकी चलन मिळवून देणारा माल झाडावरच वाया जायला लागला. उत्तरेत लढाई पेटलेली, डोंगरात दुसरी आघाडी सरकारला परवडणारी नव्हती. थोड्याच दिवसांत बोलणी झाली आणि ९४ हजार बिनदेशी माणसांना नागरिकत्व देण्याचा कायदा झाला. १९८८ ला आणखी एक : नुसतं प्रतिज्ञापत्र पुरे. आज्याच्या दाखल्याची अट तिथं मोडली.

याचे पुढारी तोंडमान. ते स्वतः मळेवाले होते, बाप कंगाणी. मंत्रीही झाले. म्हणजे पुढारी वरचा आणि बसलेले हात खालचे. आपल्याही चळवळीत हे बघितलेलं आहे. पण त्या दिवशी पान थांबवलं ते बायांनी. खुडणीचं काम मुख्यतः त्यांचंच.

उरलेल्यांसाठी २००३ ला शेवटचा कायदा आला. ३० ऑक्टोबर १९६४ पासून राहणारे आणि त्यांची लेकरं, सगळे नागरिक. मग कार्यकर्ते मळ्यामळ्यात फिरले. फिरती केंद्रं लावली, लिहिता न येणाऱ्यांचे अर्ज भरून दिले. दहाएक दिवसांत सुमारे १ लाख ९० हजार माणसं देशाची झाली. हिरावून घ्यायला वर्ष पुरलं होतं, परत मिळायला ५५ वर्षं लागली.

एक गोष्ट बोचते, ती लपवत नाही. १९५० ला बाबासाहेब कँडीला जागतिक बौद्ध परिषदेला गेले होते. कँडीच्या भोवतीच्या डोंगरांत हेच मजूर तेव्हा मताविना, देशाविना राबत होते. त्यांना बेदखल करणारं राज्य बुद्धाला मानणाऱ्यांचं होतं. बुद्धाचं नाव घेणारं सरकारही माणसाला लाथाडू शकतं. म्हणून आपण विहारात वंदना म्हणतो तेव्हा समता कुठं आहे हे कायद्याच्या कलमात शोधायचं, झेंड्याच्या रंगात नाही.

कागद मिळाला, पण लाईनीतली खोली अजून पुष्कळांच्या नशिबी आहे. जमीन नावावर नाही. २०२३ ला, येण्याला दोनशे वर्षं झाली म्हणून, ही माणसं तलाईमन्नारहून मातळेपर्यंत चालत गेली. आजे मेले त्याच वाटेनं. मागणं एकच, आम्हाला या देशाचे बरोबरीचे नागरिक म्हणा.

दोस्तहो, वस्तीत परत गेलात की एक काम करा. कुणाच्या म्हातारीचा जन्मदाखला नाही, कुणाचं नाव यादीतून गळालं, कुणाचा जातीचा दाखला अडकला, ते वहीत लिहून काढा. अर्ज भरणं हे कारकुनी काम आहे असं म्हणून नाक मुरडू नका. मळ्यातल्या माणसांनी काम थांबवलं आणि अर्जही भरले, दोन्ही केलं, तेव्हा कुठं ती माणसं यादीत आली.

जय भीम.