जीवाणूभक्षक विषाणूंतील उत्परिवर्तन आणि यजमान जीवाणूचा वाटा

डाळिंबावरील तेल्या, लिंबावरील खैऱ्या, टोमॅटो-मिरचीवरील जीवाणूजन्य ठिपके हे तिन्ही रोग झँथोमोनास गटातील जीवाणूंमुळे होतात. या जीवाणूंना मारणारे विषाणू म्हणजे जीवाणूभक्षक (फेज). अमेरिकेत टोमॅटो-मिरचीसाठी अशा उत्पादनाला 2005 मध्ये नोंदणी मिळाली. मात्र फेज हे रसायन नाही. ते जीवाणूच्या पेशीत वाढते आणि वाढताना बदलते.

हे बदल आपोआप होतात. कोणता बदल व्हावा हे जीवाणू ठरवत नाही, पण किती चुका टिकतील यात त्याचा मोठा वाटा असतो. ई. कोलाय जीवाणूवरील फाय-एक्स-174 या फेजचे उदाहरण पाहा. स्वतःच्या डीएनएची नक्कल करण्यासाठी ते यजमानाचीच यंत्रणा वापरते. तरीही यजमानाच्या तुलनेत त्यात चुका सुमारे हजारपट जास्त होतात. याचे एक कारण असे, की ई. कोलायची चूक-दुरुस्ती यंत्रणा जी-ए-टी-सी हा अक्षरक्रम असेल तिथेच नीट चालते आणि या फेजमध्ये तो क्रमच नाही. प्रयोगशाळेत तो घातल्यावर चुका बऱ्याच कमी झाल्या. याउलट टी-4 सारखी मोठी फेज नक्कल करणारे विकर स्वतःच बनवतात, त्यामुळे यजमानावर कमी अवलंबून असतात.

यजमानाची अवस्थाही महत्त्वाची असते. वाइगल यांनी 1953 मध्ये दाखवले, की अतिनील किरणांनी इजा झालेले लॅम्डा फेज आधीच किरण दिलेल्या जीवाणूत जास्त संख्येने वाचते, पण त्यात उत्परिवर्तनेही वाढतात. संकटातला जीवाणू घाईची दुरुस्ती करतो, ती अशी.

शेतात याचा उपयोग काय? जीवाणू प्रतिकारक झाला, की जुने फेज निकामी ठरते. फ्लोरिडात टोमॅटोसाठी मूळ आणि प्रतिकारक अशा दोन्ही जीवाणूंना मारणारी उत्परिवर्तित फेज निवडून त्यांचे मिश्रण वापरले गेले. म्हणून एकच फेज वर्षानुवर्षे चालेल असे गृहीत धरू नये.

विस्तार कार्यकर्त्यांनी रोगाचे ताजे नमुने तपासणीसाठी पाठवावेत आणि शिफारस केलेले फेज त्या भागातील जीवाणूवर चालते का, हे आधी विचारावे. शेतकऱ्यांनी उरलेले द्रावण घरी वाढवू नये. कोणत्या जीवाणूवर वाढले याची खात्री नसते आणि त्यात रोगकारक जीवाणूही वाढू शकतो. फवारणी सायंकाळी करावी, कारण उन्हातील अतिनील किरणांनी फेज लवकर मरते. ताम्रयुक्त औषधात ते मिसळू नये.