नाणेघाट : सोबतीची वाट

पुणें-नाशिक आणि कल्याण-अहिल्यानगर हे दोन हमरस्ते जेथें एकमेकांस छेदतात, तें ठिकाण म्हणजे आळेफाटा. कांद्याच्या मालमोटारी, उतारूंनीं भरलेल्या एस. टी. गाड्या आणि अहोरात्र उघडीं असणारीं चहाचीं दुकानें, एवढेंच त्याचें रूप प्रवाशाच्या नजरेस पडतें. मोटारीच्या युगानें वसविलेलें हें नाकें आहे, असें कोणीहि सहज म्हणेल. परंतु समुद्रकांठचा माल देशावर नेणारी जी वाट येथून जाते, तिचें वय दोन हजार वर्षांहून अधिक आहे. फरक इतकाच कीं, त्या काळीं ती चाकांची नव्हती, पावलांची होती.

हल्लींचा रस्ता माळशेज घाटानें कोंकणांत उतरतो. जुनी वाट त्याच्या थोडी दक्षिणेस, नाणेघाटानें उतरत असे. उल्हास नदीच्या खाडीवरील कल्याण बंदरांत गलबतांतून माल उतरावा, तो मुरबाडच्या मुलुखांतून वैशाखऱ्यापर्यंत आणावा, आणि तेथून सह्याद्रीची भिंत चढून जुन्नर गांठावें, असा तिचा क्रम होता. पुढें तीच वाट गोदातीरीं प्रतिष्ठान म्हणजे पैठणास, आणि तेथून तगर म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यांतील तेर येथें पोंचे.

अशा वाटेनें कोणी एकट्यादुकट्यानें जात नसे. माल बरोबर घेऊन समूहानें चालणाऱ्या व्यापाऱ्यांना संस्कृतांत ‘सार्थ’ हें नांव आहे, आणि त्यांचा पुढारी तो ‘सार्थवाह’. श्वापदांचें व चोरांचें भय तर होतेंच. पण त्याहूनहि साधें कारण म्हणजे घसरलेल्या बैलाच्या पाठीवरचें ओझें उचलावयास दुसरा हात लागतो. सोबत ही त्या प्रवासांत चैन नव्हती, गरज होती.

घाट चढण्याच्या दिवसाची कल्पना आजहि करतां येते. कारण वाट बरीचशी तीच आहे. पहांटे पायथा सोडावा. प्रथम झाडीची चढण, मग दगडांत बसविलेल्या पायऱ्या, आणि शेवटीं दोन उभ्या कड्यांमधली चिंचोळी खिंड. खिंडीच्या तोंडाशीं कोरीव लेणें आहे आणि पाण्याचीं टाकीं आहेत. माथ्यावर एक मोठा दगडी रांजण आहे. जकातीचीं नाणीं त्यांत टाकीत, असें परंपरा सांगते. पुढें पठारावर आलें कीं, पाठीमागें कोंकण खोल पडलेलें दिसतें आणि बाजूस जीवधनाचा कडा उभा राहतो. येथून जुन्नर तीसेक किलोमीटर राहतें. घाटघर मागें टाकून, चावंडच्या बाजूनें चालत राहणाऱ्या सड्या वाटसरूस शिवनेरीची टेकडी दिसेपर्यंत दिवस कलतो. भरल्या बैलांना वाटेंत एक मुक्काम अधिक करावा लागत असेल.

खिंडींतील तें लेणें सामान्य नाहीं. त्यांत सातवाहन राजकुलाच्या प्रतिमा होत्या. आज त्या प्रतिमा गेल्या आहेत, पायांच्या खुणा तेवढ्या उरल्या आहेत. पण वर कोरलेलीं नांवें वाचतां येतात : सिमुक सातवाहन, राणी नायनिका, श्री सातकणि आणि त्यांचे राजकुमार. बाजूच्या भिंतींवर ब्राह्मी लिपींत आणि प्राकृत भाषेंत लांबलचक लेख आहे. तो राणी नागनिकेचा मानतात, आणि त्याचा काळ इसवी सनापूर्वीचें पहिलें शतक असा सामान्यतः धरतात. धर्म, इंद्र, संकर्षण आणि वासुदेव यांना वंदन करून लेख आरंभिला आहे. महिना महिना उपवास करणारी, घरांत राहून तापसीप्रमाणें वागणारी अशी राणीची ओळख त्यांत आहे. मग अश्वमेध, राजसूय इत्यादि यज्ञांची आणि त्यांतील दक्षिणेची यादी येते : कोठें १०,००१ गाई, कोठें २४,४०० कार्षापण, शिवाय हत्ती, घोडे, गांव.

कर्नल साइक्स यांनीं १८२८ मध्यें हें लेणें पाहिलें. पंडित भगवानलाल इंद्रजी यांनीं त्यांतील अंकांचा उलगडा केला, आणि ब्यूलर यांनीं १८८३ मध्यें लेख प्रसिद्ध केला. भारतीय अंकलेखनाच्या जुन्या नमुन्यांत या लेखाची गणना होते. त्यांत शून्य नाहीं; दहा, शंभर, हजार यांना निरनिराळीं चिन्हें आहेत. हिशेब ठेवणाऱ्या व्यापाऱ्यांच्या वाटेवरच हे अंक कोरलेले सांपडावे, हा योग मोठा बोलका आहे.

राणीनें आपलें वैभव खिंडींत लिहून ठेवलें. वाटसरूंनीं आपलें नांव कोठें ठेवलें? तें पाहावयास जुन्नरास जावें लागतें. शहराभोंवतालच्या डोंगरांत दोनशेंहून अधिक लेणीं कोरलेलीं आहेत. लेण्याद्रीचें चैत्यगृह कल्याणच्या हेरणिकाचा पुत्र सुलसदत्त यानें दिलें. धान्य विकणाऱ्यांच्या श्रेणीनें सात खोल्यांचें लेणें व पाण्याचें टाकें दिलें. इरिल नांवाच्या यवनानें दोन टाकीं दिलीं. चिट नांवाच्या दुसऱ्या यवनानें संघाला भोजनमंडप दिला. पुढें सातवाहनांचा प्रतिस्पर्धी क्षत्रप नहपान या प्रांताचा धनी झाला, तेव्हां त्याचा अमात्य अयम यानेंहि ४६ व्या वर्षीं मंडप आणि टाकें दिलें.

हीं सारीं दानें भिक्षुसंघास दिलेलीं आहेत, आणि दात्यांचा हेतु पुण्यप्राप्तीचा आहे. तरीहि एक गोष्ट मनांत भरते. दाता बंदरचा असो, परदेशचा असो, बाजारांतला असो किंवा शत्रुपक्षाचा अमात्य असो. द्यावयाच्या वस्तु त्याच आहेत : पाणी, भोजनाची जागा आणि निवारा. सह्याद्री चढून आलेल्या माणसाला कशाची वाण पडते, हें ज्यांना अनुभवानें ठाऊक होतें, त्यांचीच हीं दानें वाटतात.

या वाटेचें नशीब समुद्रावरहि अवलंबून होतें. पहिल्या शतकांतील एका ग्रीक भाषिक लेखकानें ‘पेरिप्लस’ या ग्रंथांत कल्याणचा उल्लेख केला आहे. पूर्वी तें राजमान्य बंदर होतें. पण पुढें तेथील व्यापारास अडथळा झाला आणि तेथें येणारीं ग्रीक जहाजें पहाऱ्यांत भडोचकडे नेलीं जाऊं लागलीं, असें तो सांगतो. राज्यकर्त्यांच्या कलहांत बंदराचें दार मिटलें, तर त्याची झळ घाटमाथ्यापर्यंत पोंचल्यावांचून राहत नाहीं.

आळें गांवाची स्मृति मात्र व्यापाराची नाहीं, ती संतांची आहे. पैठणास ज्याच्या मुखीं ज्ञानदेवांनीं वेद वदविले, तो रेडा भावंडांबरोबर चालत आळंदीकडे येत असतां येथें निवर्तला, अशी श्रद्धा आहे. त्याची समाधि गांवांत आहे. सोबत चालणाऱ्या मुक्या जनावराची आठवण पैठणाकडून येणाऱ्या मार्गावर लोकांनीं शतकानुशतकें जपावी, हें या मुलुखाच्या स्वभावास धरूनच आहे.

नाणेघाट मागें पडला तो चाकामुळें. बोरघाटांतून १८३० मध्यें गाडीरस्ता झाला आणि १८६३ मध्यें आगगाडी चढली. पायऱ्यांची वाट चाकाला उपयोगी नव्हती. तिचें महत्त्व ओसरलें. आज जुन्नरकडून घाटमाथ्यापर्यंत मोटार जाते, आणि पावसाळ्यांत मुंबई-पुण्याचीं तरुण मंडळी वैशाखऱ्याहून हौसेनें चढून येतात. भिंतीवरील अक्षरें मात्र झिजत आहेत. लेखाचा बराच भाग यापूर्वीच नष्ट झाला आहे. त्या अक्षरांवर स्वतःचें नांव ओरखडण्याचा मोह आवरणें आणि टाक्यांतील पाणी निर्मळ राखणें, एवढें तरी येणाऱ्याच्या हातीं आहे. इरिल यवनानें दोन हजार वर्षांपूर्वी जें दिलें, त्याहून हें मागणें फार लहान आहे.