रायचूर दुआबाचा लष्करी इतिहास
रायचूर दुआब : दक्षिण भारतातील कृष्णा व तुंगभद्रा या नद्यांमधील प्रदेश. यात मुख्यतः कर्नाटक राज्याच्या रायचूर व कोप्पळ या जिल्ह्यांचा व तेलंगणातील आलंपूर परिसराचा समावेश होतो. रायचूर, मुद्गल व कोप्पळ हे येथील प्रमुख किल्ले. काळ्या कसदार जमिनीचा हा कृषिप्रधान टापू सुमारे दोन शतके दख्खनमधील सत्तांच्या संघर्षाचे केंद्र होता.

यामागील कारणे भौगोलिक व आर्थिक होती. विजयानगरची राजधानी तुंगभद्रेच्या दक्षिण तीरावरच असल्याने उत्तरेकडील दुआब तिची ढाल ठरे. उलटपक्षी, दुआब ताब्यात असल्यास बहमनी सुलतानांना तुंगभद्रेपर्यंत सरहद्द नेता येई. येथील महसुलाचे आकर्षण दोन्ही सत्तांना होते. पावसाळ्यात दोन्ही नद्यांना पूर येत असल्यामुळे मोहिमांचा काळ व उतारांवरील ताबा यांना विशेष महत्त्व होते.

रायचूरच्या किल्ल्यातील १२९४ च्या शिलालेखात काकतीयांचा अधिकारी गोरे गंगय्या याने केलेल्या बांधकामाचा निर्देश आहे. विजयानगर (१३३६) व बहमनी (१३४७) या राज्यांच्या स्थापनेनंतर दुआबासाठी स्पर्धा सुरू झाली. १३६६ मध्ये बुक्करायाने मुद्गल जिंकून तेथील शिबंदीची कत्तल केली व मुहम्मदशाह बहमनीने (कार. १३५८–७५) त्याचा भीषण सूड उगवला, असे फिरिश्ता या इतिहासकाराने नमूद केले आहे. पुढे उभयपक्षी निःशस्त्र प्रजेची हत्या न करण्याचा करार झाल्याचेही तो सांगतो. फिरिश्ताचे आकडे अतिशयोक्त असले, तरी युद्धाची सर्वाधिक झळ ग्रामीण जनतेला पोहोचत होती, हे यावरून स्पष्ट होते.

पंधराव्या शतकात दुआबाचे स्वामित्व वारंवार बदलले. दुसऱ्या देवरायाने सैन्यात मुसलमान धनुर्धर व घोडेस्वार यांची भरती केली आणि १४४३ च्या सुमारास मुद्गल घेतले. यावरून या संघर्षाला केवळ धर्मयुद्ध मानणे सयुक्तिक ठरत नाही. दोन्ही पक्षांच्या सैन्यांत भिन्न धर्मांचे लोक होते.

बहमनी राज्याच्या विघटनानंतर दुआब विजापूरच्या आदिलशाहीकडे गेला. १५२० मध्ये कृष्णदेवरायाने रायचूरला वेढा घातला. वेढा उठविण्यासाठी कृष्णा ओलांडून आलेल्या इस्माइल आदिलशाहाचा मोठा पराभव झाला व त्याचे अनेक सैनिक पळताना नदीत बुडाले. क्रिस्तोव्हाव द फिगेरेदू या पोर्तुगीजाच्या तुकडीने बंदुकांच्या माऱ्याने तटावरील रक्षकांना हटविल्यावर किल्ला पडला. फेर्नाव नूनीश याने या मोहिमेचा वृत्तांत लिहिला आहे. त्याने दिलेली सात लाखांवरील पायदळाची संख्या मात्र विश्वसनीय वाटत नाही. कृष्णदेवरायाच्या मृत्यूनंतर (१५२९) लवकरच आदिलशाहीने रायचूर व मुद्गल परत घेतले. पुढे रामरायाच्या काळात हा प्रदेश पुन्हा विजयानगरच्या वर्चस्वाखाली आला. तालिकोटच्या लढाईत (१५६५) विजयानगरचा पराभव होऊन तो विजापूरकडे गेला.

मराठ्यांच्या इतिहासातही या प्रदेशास स्थान आहे. छ. शिवाजी महाराजांच्या कर्नाटक मोहिमेच्या काळात, १६७७ मध्ये हंबीरराव मोहिते यांनी येलबुर्ग्याजवळ आदिलशाही सरदार हुसेनखान मियाना याचा पराभव केला. या लढाईत नागोजी जेधे धारातीर्थी पडले. विजापूरच्या पाडावानंतर (१६८६) येथे मोगलांचा व पुढे निजामाचा अंमल आला. टिपू सुलतानाच्या ताब्यातील कोप्पळचा किल्ला इंग्रज व निजाम यांच्या सैन्याने १७९१ मध्ये घेतला.

हैदराबाद कंटिंजंट या फौजेच्या खर्चासाठी १८५३ च्या तहान्वये निजामाने वऱ्हाड व धाराशिव यांबरोबर रायचूर दुआबही इंग्रजांकडे सोपविला. १८६० मध्ये रायचूर व धाराशिव त्यास परत मिळाले. दरम्यान १८५८ मध्ये मुंडर्गीचे भीमराव कोप्पळच्या किल्ल्यात इंग्रजांशी लढताना मारले गेले. १९४८ मध्ये हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले आणि १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत दुआबाचा बहुतेक भाग तत्कालीन म्हैसूर राज्यात समाविष्ट झाला.

किल्ल्यांचे तट, शिलालेख व गावोगावचे वीरगळ हे या इतिहासाचे अवशेष होत. ज्या तुंगभद्रेच्या तीरी सैन्ये भिडत, तिच्यावर विसाव्या शतकाच्या मध्यास धरण बांधण्यात आले व त्याच्या डाव्या कालव्यामुळे दुआबातील मोठे क्षेत्र भातशेतीखाली आले.