पायवाट आणि गद्य : वर्धा खोऱ्यातील चालण्याचा वाङ्मयेतिहास

मराठी प्रवासवर्णनाचा इतिहास सांगताना गोडसे भटजींच्या ‘माझा प्रवास’पाशी थांबण्याची प्रथा रूढ आहे. 1857 च्या धामधुमीतला हा प्रवास 1883 मध्ये लिहिला गेला आणि 1907 मध्ये चिंतामण विनायक वैद्य यांनी तो प्रकाशात आणला. त्यानंतर आगगाडी, आगबोट आणि मुद्रणालय यांच्या साहाय्याने हा वाङ्मयप्रकार वाढला, असे सांगितले जाते. या मांडणीत चालणे हे केवळ वाहनाच्या अभावी पत्करलेले साधन ठरते. चालण्यातून गद्याची एखादी विशिष्ट रचना निर्माण होऊ शकते काय, हा प्रश्न तिच्या कक्षेतच येत नाही. तो उपस्थित करण्यास वर्धा जिल्ह्याचा प्रदेश विशेष सोयीचा आहे, कारण या प्रदेशात गड नाहीत, दऱ्या नाहीत, समुद्र नाही; आणि तरीही मराठीतल्या दोन मोठ्या पदभ्रमणांचा या परिसराशी निकटचा संबंध आहे.

सिंदी (रेल्वे) हे सेलू तालुक्यातील गाव नागपूर-वर्धा लोहमार्गावर आहे. उत्तरेकडून सातपुड्याचे फाटे उतरत येतात आणि काळ्या दगडाच्या बुटक्या टेकड्यांत विरून जातात. बोर नदी धामला मिळते, धाम वेणेला, आणि वेणा वर्धेला. नद्या लहान, पावसाळ्यात अवखळ, उन्हाळ्यात खडकाळ पात्रातल्या डोहांपुरत्या उरणाऱ्या. चढ असा की चालणाऱ्याचा श्वास लागत नाही. कपाशी आणि तुरीच्या शेतांमधून पांदण जाते, धुऱ्यावरून पायवाट फुटते, आणि केळझरसारख्या ठिकाणी टेकडीवरचा गणपती दिसू लागतो. केळझर म्हणजे महाभारतातली एकचक्रा आणि बकासुराची वस्ती अशी स्थानिक श्रद्धा आहे. पायी वनवास भोगणारे पांडव आपल्याच शिवारातून गेले असे मानणारी गावे महाराष्ट्रात पुष्कळ आहेत. त्या श्रद्धेची ऐतिहासिकता तपासण्यापेक्षा तिच्यामागची कल्पना लक्षात घेणे अधिक उपयुक्त. जिथून कोणी चालत गेले, ते स्थळ सांगण्याजोगे होते.

ही कल्पना मराठी गद्याच्या आरंभी एका संहितेचे रूप घेते. चक्रधरांनी ऋद्धिपुरी गोविंदप्रभूंपासून ज्ञान घेतल्यानंतरचा त्यांचा ‘एकांक’ हा बहुतांशी एकट्याने केलेल्या अटनाचा काळ आहे. वऱ्हाडापासून वैनगंगेकाठच्या भंडाऱ्यापर्यंत त्यांचा संचार झाला. नीळभट्ट भांडारेकार त्यांना भंडाऱ्यातच भेटले. पुढे ‘पूर्वार्ध’ आणि ‘उत्तरार्ध’ यांत शिष्यपरिवार सोबत असतो आणि त्यात बाइसा, महदाइसा यांच्यासारख्या स्त्रियाही असतात. म्हाइंभटांनी तेराव्या शतकाच्या अखेरीस या आठवणी जमवल्या, त्यासाठी ते ठिकठिकाणी जाऊन प्रत्यक्षदर्शींना विचारत फिरले, असे परंपरा सांगते. म्हणजे ‘लीळाचरित्र’ दोनदा चालले गेले आहे : एकदा चरित्रनायकाने, एकदा संकलकाने.

या दुहेरी चालण्याचा परिणाम रचनेवर स्पष्ट दिसतो. लीळा ही एक मुक्कामाएवढी लहान असते. गाव, देऊळ, कोण आले, काय बोलणे झाले. आणि पुढची लीळा पुढच्या मुक्कामी. कार्यकारणाची सलग साखळी तीत शोधणाऱ्या समीक्षकांना ती विस्कळीत वाटली, कारण त्यांच्या मनात कादंबरीचा किंवा पाश्चात्त्य चरित्राचा आकृतिबंध होता. वास्तविक तिची एकात्मता कथानकाची नसून वाटेची आहे. वि. भि. कोलते यांनी सिद्ध केलेली ‘लीळाचरित्रा’ची प्रत 1978 मध्ये महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने प्रसिद्ध केली. तिच्यावर पुढे पाठनिश्चिती आणि पंथीय भावना यांच्या अंगाने पुष्कळ वाद झाला, पण या रचनातत्त्वाची चर्चा त्या मानाने थोडीच झाली.

‘स्थानपोथी’चे उदाहरण याहून बोलके आहे. चक्रधर जिथे जिथे राहिले, बसले, जेवले, त्या स्थळांची ही गावनिहाय नोंद. देऊळ कोणत्या दिशेला, दार कोणीकडे तोंड करून, ओटा कुठे, हे सारे त्यात येते. मिशेल द सेर्तो या फ्रेंच विचारवंताने 1980 मध्ये नकाशा आणि मार्गकथन यांत भेद केला : नकाशा वरून पाहतो आणि ज्यांच्या चालण्यातून तो घडला त्यांना पुसून टाकतो, मार्गकथन पावलांबरोबर पुढे सरकते. ‘स्थानपोथी’ला हा भेद जसाच्या तसा लागू पडत नाही. तिच्यात दिशांची अचूकता नकाशाची आहे, पण स्थळ नोंदण्याचे कारण एकच : त्या जागी एका माणसाचे पाऊल पडले होते. चालणाऱ्याला पुसण्याऐवजी ती त्याच्यासाठीच भूगोल मांडते. सेर्तोच्या द्वंद्वाला मराठीकडून मिळणारी ही दुरुस्ती आहे, आणि पाश्चात्त्य सिद्धान्ताची नुसती उदाहरणे पुरवण्यापेक्षा असे काम मराठी समीक्षेने अधिक करायला हवे.

खरा नकाशा आला तो एकोणिसाव्या शतकात. वर्धा जिल्हा 1862 मध्ये अस्तित्वात आला, 1866 मध्ये वर्धा शहर वसवले गेले, आणि 1867 मध्ये ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेची गाडी नागपूरला पोहोचली. अमेरिकन यादवी युद्धाने कापसाला आणलेला भाव हे या घाईमागचे एक प्रमुख कारण. गावाच्या नावापुढे कंसात ‘रेल्वे’ लागले, ते त्याच नावाच्या दुसऱ्या गावापासून त्याचे वेगळेपण दाखवण्यासाठी. पूर्वी गावाची ओळख नदी, टेकडी, देव यांवरून होई. आता ती स्थानकावरून होऊ लागली. 1906 च्या वर्धा जिल्हा गॅझेटियरमध्ये गावे मैलांच्या अंतरांनी बांधलेली आहेत. पण जुने मार्गकथन अशा ग्रंथांच्या कडेकपारीत तग धरून राहते. समुद्रपूर तालुक्यातील गिरडच्या टेकडीवर शेख फरीद यांचा दर्गा आहे. तिथे सापडणारे गोल दगड हे भूशास्त्राच्या दृष्टीने झिओलाइट खनिजाचे गोळे. लोककथेच्या दृष्टीने फकिराची थट्टा करणाऱ्या व्यापाऱ्यांच्या मालाचे झालेले दगड. ही कथा वाटसरूंनी वाटसरूंविषयी रचलेली आहे. रेल्वेने माल नेण्यास सुरुवात केल्यावर तशा कथेची नवी निर्मिती होण्याचे कारण उरले नाही.

वर्ड्‌स्वर्थने 1844 मध्ये सरोवरांच्या प्रदेशात येणाऱ्या लोहमार्गाला जाहीर विरोध केला होता. तिथे सौम्य टेकड्यांतून निर्हेतुक चालणे ही आधीच एक काव्यरीती बनली होती. रेल्वे तिच्यावरचे आक्रमण ठरली. विदर्भात तसे झाले नाही. याचे उत्तर ‘आपल्याकडे निसर्गप्रेम नव्हते’ असे देणे फारच आळशीपणाचे आहे. ज्या शिवारातून बायका डोक्यावर कापसाचे गाठोडे घेऊन रोज चालतात, तिथे चालणे हे सुख म्हणून वेगळे काढता येत नाही. शिवाय कोणती वाट कोणासाठी मोकळी, हे जातीने ठरवलेले असे. मराठीत चालण्याला नेहमी प्रयोजन लागले : भिक्षा, बाजार, मजुरी, वारी. इरावती कर्वे यांचा ‘वाटचाल’ हा लेखही वारीच्या प्रयोजनाच्या आधारेच उभा राहतो. पुढे भटकंतीचे लेखन रुजले तेव्हा तेही इतिहासाच्या आधाराने, म्हणजे गडांच्या. गो. नी. दांडेकर यांचा जन्म परतवाड्याचा, म्हणजे सातपुड्याच्या पायथ्याचा; पण त्यांची ‘दुर्गभ्रमणगाथा’ किल्ल्यांची झाली आणि ‘कुणा एकाची भ्रमणगाथा’ नर्मदेची. मधल्या सपाट, मवाळ प्रदेशाला ना शौर्य ना तीर्थ. म्हणून त्याला लेखक उशिरा मिळाला. मारुती चितमपल्ली यांच्या ‘रानवाटा’सारख्या लेखनाने ही उणीव काहीशी भरून काढली खरी, पण तिथेही वाट जंगलाची आहे, शिवाराची नाही.

विसाव्या शतकात या शिवारात चालणे पुन्हा शब्दाशी जोडले गेले, तेही प्रयोजनानेच. 30 एप्रिल 1936 रोजी गांधीजी वर्ध्याहून पायीच सेगावला, म्हणजे पुढच्या सेवाग्रामला, राहायला गेले. विनोबा 1921 पासून वर्ध्यात आणि 1938 पासून धामकाठी पवनार येथे होते. वा. वि. मिराशी यांनी ज्या पवनारात वाकाटकांचे प्रवरपूर पाहिले, तेच हे गाव. 8 मार्च 1951 रोजी विनोबा शिवरामपल्लीच्या सर्वोदय संमेलनासाठी पायी निघाले. 18 एप्रिलला पोचमपल्लीत शंभर एकरांचे दान मिळाले आणि भूदानाची यात्रा सुरू झाली. ती थांबली 1964 मध्ये, पवनारला परतल्यावर. भूदानाने जमिनीचा प्रश्न किती सोडवला, याचा हिशेब निराशाजनक आहे. अभ्यासकांनी तो मांडला आहे. वाङ्मयेतिहासाच्या दृष्टीने मात्र दुसरीच गोष्ट महत्त्वाची. ‘गीता प्रवचने’ 1932 मध्ये धुळ्याच्या तुरुंगात सांगितली गेली आणि साने गुरुजींनी ती टिपून घेतली. बोलणाऱ्याला तिथे हालचालीची मुभा नव्हती, पण श्रोते तेच होते. म्हणून अठरा अध्यायांची सलग इमारत उभी राहिली. पदयात्रेतली भाषणे अशी सलग नाहीत. रोज नवे गाव, नवे श्रोते, तोच मुद्दा नव्या दृष्टान्ताने, पुनरुक्ती पुष्कळ. सोबत चालणाऱ्यांनी ती टिपली आणि मुक्कामांच्या क्रमाने छापली. लीळेची रचना सातशे वर्षांनी नकळत परत आली होती, फक्त या वेळी बहुतेक हिंदीत. ज्या खोऱ्यातून हे चालणे सुरू झाले त्याच्या मराठीत ते गद्य अनुवाद म्हणूनच आले. मराठी वाङ्मयाच्या इतिहासांत त्याला अद्याप प्रकरण मिळालेले नाही.